मामाजींची मोटर शोधताना

आमच्या घरात मासे कोणीच खात नाही. मासे शोधायचं यंत्र मात्र आहे.

ते माझ्याकडे कसं आलं, ते आधी सांगतो. वाशीमला मी एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर बसतो. आमच्याकडे कोकणातून बदलून आलेले एक साहेब होते. त्यांना तिकडे होडीतून मासे धरायचा नाद होता आणि त्यापायी त्यांनी हे यंत्र घेतलं होतं. वाशीमला आल्यावर त्याचा उपयोग संपला. पुढं त्यांची पुन्हा बदली झाली, तेव्हा सामान बांधताना ते यंत्र माझ्या हातात ठेवून म्हणाले, "तुम्हाला यंत्रातलं कळतं, तुम्हीच ठेवा." (मी एकदा त्यांच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढला होता. तेवढ्यावरून त्यांचं माझ्याबद्दल हे मत झालं होतं, आणि मी ते कधी खोडून काढलं नाही.)

यंत्र म्हणजे मोबाइलपेक्षा थोडा मोठा पडदा, आणि त्याला लांब वायरीनं जोडलेला साबणाच्या वडीएवढा काळा ठोकळा. ठोकळा होडीखाली पाण्यात सोडायचा. तो आपल्याला ऐकू न येणारा आवाज खाली पाठवतो. तो आवाज तळावर, माशावर, जे काही असेल त्यावर आपटून परत येतो आणि पडद्यावर चित्र उमटतं : पाणी किती खोल, तळ कसा, मधे मासा आहे की नाही. माझ्याकडे ते दीड वर्ष कपाटावर पडून होतं. माझी बायको वंदना झाडझूड करताना दर वेळी विचारायची, की हे कायले ठेवलं. मी म्हणायचो, कधीतरी कामी येईल.

एप्रिलमध्ये ते कामी आलं. आलं नसतं तर बरं झालं असतं.

वंदनाचं माहेर आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत आहे. तिचे वडील, म्हणजे माझे मामाजी, वांगी, काकडी आणि कोथिंबीर करतात आणि माल मालेगावच्या बाजारात नेतात. त्यांचं वावर धरणाला लागून आहे. (आमच्याकडे लहानसा तलाव असला तरी त्याला धरणच म्हणतात.) धरणात दोन प्लॅस्टिकचे ड्रम तरंगत ठेवायचे, त्यांना दोरानं मोटर लटकवायची आणि पाइपानं पाणी वावरात घ्यायचं, अशी मामाजींची व्यवस्था होती. एका गुरुवारी दुपारी वादळ आलं. ड्रम उधळले, पाइप निसटला, वायर जोडावरून तुटली आणि मोटर दोरासकट बुडाली.

ही बातमी मामाजींनी वंदनाला फोनवर सांगितली. ते नुसतं सांगत होते. मदत मागत नव्हते. हा फरक मला आज कळतो. त्या दिवशी मी वंदनाच्या हातातून फोन घेतला आणि म्हणालो, "मामाजी, पाण्याखालचं दिसतं असं यंत्र आहे आपल्याकडे. मी रविवारी येतो. तोपर्यंत कोणाला पाण्यात उतरू देऊ नका. गाळ ढवळला तर यंत्राला नीट दिसणार नाही."

मग मामाजी म्हणाले, "या ना, जवाईबापू." जेवायला बोलावताना म्हणतात, तसंच म्हणाले.

शनिवारी मी तयारीला बसलो. माहितीपुस्तक साहेबांनी दिलं नव्हतं, म्हणून एकेक बटण दाबून पाहिलं. त्यात भाषेचं बटण निघालं. मराठी असेल का ते पाहायला गेलो आणि बोट कुठंतरी चुकलं. सगळा पडदा अनोळखी लिपीत गेला. इंग्रजी अक्षरं आरशात पाहावीत, तशी काही अक्षरं होती. रशियन असावी. परत फिरायला तासभर धडपडलो, पण भाषेचं बटण कोणतं, हेच आता वाचता येत नव्हतं. शेवटी म्हटलं, आकडे तर तेच आहेत ना. आकडे कळले की झालं. वंदना म्हणाली की तुमाले येत नसंल तं आताच फोन करून सांगा. मला येत नाही असं मी म्हटलंच नव्हतं, त्यामुळे फोन केला नाही.

रविवारी सकाळी आम्ही पोचलो, तर धरणावर पंचवीस-तीस माणसं. काहींनी इस्त्रीचे शर्ट घातले होते. जवाईबापूंनी पाण्याचा एक्स-रे काढायची मशीन आणली, असं गावात झालं होतं. काठाला किसनभाऊंचा डोंगा लागलेला होता. डोंगा म्हणजे पत्र्याची लहान होडी. किसनभाऊ या धरणात वीस वर्षं जाळी टाकत आलेत. मामाजींनी मला पाण्यातून वर आलेलं बाभळीचं एक खोड दाखवलं आणि म्हणाले, की मोटर त्या अंगालाच असंल. किसनभाऊंनीही मान डोलावली.

मी म्हटलं, अंदाजानं काही करायचं नाही, यंत्र दाखवेल तिथं जायचं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. किसनभाऊ डोंग्याचा दोर सोडायला गेले. गावात विज्ञानाबद्दल एवढा आदर आहे, हे पाहून मला बरं वाटलं.

बॅटरी मामाजींच्या फवारणीच्या पंपातून काढली. काळा ठोकळा एका बांबूला सुतळीनं बांधला आणि बांबू डोंग्याच्या कडेला आवळला. मी, मामाजी आणि किसनभाऊ चढलो. बुडालेल्या मोटरचे ते दोन रिकामे ड्रमही आत होते. मोटर सापडली की लगेच टांगायची, असा माझा बेत. यंत्र सुरू केलं तर त्यानं एक प्रश्न विचारला. खाली दोन उत्तरं होती. तिन्ही गोष्टी त्याच उलट्या अक्षरांत. मागं तीस माणसं पाहत होती, त्यामुळे विचार करायला वेळ घेणं शोभलं नसतं. मी दुसरं उत्तर निवडलं.

आणि चित्र आलं. निळं पाणी, खाली तांबूस तळ, मधून इकडून तिकडे जाणारे मासे. कोपऱ्यात आकडा, बारा. मासा आला की यंत्र टूं करायचं. मामाजी बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले आणि हळूच म्हणाले, की एवढे मासे असतीन हे मले मालूम नव्हतं. किसनभाऊ तर पडद्यावर वाकलेच. महिनाभर त्यांच्या जाळ्यात बोटभर मासळीशिवाय काही आलं नव्हतं, आणि इथं पडद्यावर हातभर मासे रांगेनं चालले होते.

मी खोडाच्या उलट दिशेला, धरणाच्या मधोमध डोंगा घ्यायला लावला. थोड्या वेळानं पडद्यावर तळावर एक उंचवटा आला. गोल, मोटरएवढा. मी हात वर केला. किसनभाऊंनी विहिरीतली बादली काढायचा लोखंडी गळ खाली सोडला आणि दोर लगेच सैल पडला.

"जवाईबापू, अठी तं माह्या छातीइतकंच पानी हाये," ते म्हणाले.

मी पडद्याकडे पाहिलं. बारा. आता हे बारा काय, फूट की मीटर, ते अक्षर उलटं होतं. पण काहीही धरलं तरी किसनभाऊंची छाती तिथपर्यंत पोचत नव्हती. मी त्यांना समजावलं, की गळ गाळावर टेकला असेल. यंत्र गाळाच्या खालचं पाहतं. (हे मला कोणी सांगितलं होतं, ते मला आठवत नाही. बहुतेक मीच.) किसनभाऊंनी वीस वर्षांत पहिल्यांदाच धरणाकडे संशयानं पाहिलं.

गळाला शेवाळ आलं. पुढं गेलो, पुन्हा उंचवटा. पुन्हा गळ, पुन्हा शेवाळ. तिसऱ्यांदा मात्र गळाला काहीतरी जड लागलं. तिघांनी मिळून ओढलं तर जुनं जाळं वर आलं. किसनभाऊ खुलले. ते त्यांचंच जाळं होतं, मागच्या पावसाळ्यात हरवलेलं. या एका गोष्टीनं त्यांचा यंत्रावर विश्वास बसला, आणि माझा तर होताच.

पुढचा घोटाळा त्या विश्वासातून झाला. उंचवटे येतच राहिले. डोंगा कुठंही नेला तरी थोड्या थोड्या वेळानं तसाच गोल उंचवटा यायचा, त्याच्या आधी तीन मासे, नंतर एक मोठा. धरणात इतक्या मोटरी कशा बुडाल्या असतील, याचा मी विचार करू लागलो. काठावरच्यांना आम्ही ओरडून सांगितलं, तर तिथं चर्चा सुरू झाली. एका म्हाताऱ्यानं सांगितलं की त्याच्या काकाची मोटर पूर्वी इथंच गेली होती. दुसऱ्याच्या बुडालेल्या पितळी कळशीची आठवण निघाली. एकानं तर, माहा मोबाइल दिसते का पाहा, म्हणून हात केला. मी मोठ्या मनानं सगळ्यांना सांगितलं, आधी मामाजींची मोटर, मग बाकीचं पाहू.

तेवढ्यात यंत्रानं टूं केलं आणि पडद्यावर खूपच मोठा मासा आला. किसनभाऊंच्यानं राहवलं नाही. त्यांनी जाळं फेकलं. जाळं माशावर पडायच्या ऐवजी माझ्या बांबूवर पडलं, बांबू जाळ्यासकट डोंग्याखाली गेला आणि डोंगा गोल फिरायला लागला. मामाजी एका बाजूला झुकले, मी दुसऱ्या. किसनभाऊ मधे उभं राहून जाळं सोडवत होते, आणि एवढं सगळं होत असताना पडद्यावर मात्र पाणी शांत, मासे आपले रांगेनं. वाऱ्यानं डोंगा काठाकडे ढकलला आणि एका जागी गाळात रुतून थांबला. किसनभाऊ आणि मामाजी पाण्यात उतरायला लागले.

मी दोघांचेही हात धरले. आकडा बाराच होता. मला पोहता येत नाही, हे मी मोटर शोधायला येताना कोणाला सांगितलं नव्हतं. मी दोन्ही ड्रम छातीशी धरले आणि डोंग्यात खाली बसलो. म्हटलं, कोणी उतरू नका, इथं बारा आहे.

मामाजी उतरले. पाणी त्यांच्या गुडघ्यापर्यंत आलं. त्यांनी धोतर जरा वर खोवलं, चार पावलं चालत माझ्या बाजूला आले आणि हात पुढं केला. तोंडावर हसण्याची रेषसुद्धा नव्हती.

"या, जवाईबापू. मी हाये ना," ते म्हणाले.

मी एक ड्रम सोडला. दुसरा घेऊनच उतरलो. गुडघाभर पाण्यातून, ड्रम कवटाळून, मामाजींचा हात धरून मी काठावर आलो. तीस माणसं बाजूला झाली आणि त्यांनी मला वाट करून दिली. पाण्याच्या पोटात कुठंतरी गाळाचा उंच ढीग आला असावा, असं मी स्पष्टीकरण दिलं. ते पटल्यासारखं सगळ्यांनी डोकं हलवलं.

तोवर सासूबाई चहा घेऊन आल्या होत्या. ऊन वाढलं होतं, म्हणून मी यंत्र आणि बॅटरी डोंग्यातून काढून आणली आणि काकडीच्या क्रेटवर सावलीत ठेवली. ठोकळ्याची वायर उपटून डोंग्यातच सोडली. तो ठोकळा अजून बांबू आणि जाळ्याच्या गुंत्यात पाण्याखाली होता. सगळे चहा प्यायला बसले. मी पुढची योजना सांगत होतो, की आता धरणाच्या भिंतीकडून सुरुवात करू.

सासूबाई क्रेटकडे पाहत होत्या. यंत्राबद्दल त्या सकाळपासून एक शब्दही बोलल्या नव्हत्या. आता त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "जवाईबापू, काकडीच्या क्रेटातबी मासे दिसून राह्यले."

मी वळून पाहिलं. निळं पाणी. बारा. तीन मासे. उंचवटा. एक मोठा मासा. टूं.

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मी वायरीच्या भोकाकडे पाहिलं; तिथं काहीच जोडलेलं नव्हतं. मला खरोखर काही कळेना. ठोकळा पाण्यात, यंत्र क्रेटवर, आणि मासे चालूच. क्षणभर असंही वाटलं, की हवेतूनच येत असेल सगळं. हल्ली काय, सगळंच हवेतून येतं. हे मी मोठ्यानं म्हणणार होतो, तेवढ्यात वंदनानं पुढं होऊन आपला मोबाइल पडद्यावर धरला. आजकाल मोबाइल दुसऱ्या भाषेतलं वाचून आपल्या भाषेत सांगतो, हे मला माहीत होतं. शनिवारी ते सुचलं नाही, एवढंच. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात सकाळपासून एक लाल शब्द लुकलुकत होता. मी तो कंपनीचं नाव समजलो होतो.

वंदनानं मोबाइलवर वाचलं. मग मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "अवो, हे नमुना लिहेल हाये. दुकानात गिऱ्हाइकाले दाखवाचं असते ना, तसं. हे आपलं धरनच नोहे."

सकाळच्या त्या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हा लागला. वायर नीट बसली नव्हती आणि यंत्र विचारत होतं, की ठोकळा सापडत नाही, नुसता नमुना दाखवू का? मी तीस माणसांसमोर हो म्हटलं होतं. नंतर चार तास आम्ही कुठल्यातरी कारखान्यात काढलेल्या चित्रातल्या तळ्यात मोटर शोधत होतो.

वंदना हळू बोलली होती, तरी ते सगळ्यांना कळलं. गावात हळू बोललेलं लवकर पोचतं. कळशीवाला उठून गेला. किसनभाऊंनी मोठ्या माशाबद्दल एकदा विचारलं, की तोबी नोहे का? मी मान हलवली. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. मोटरीपेक्षा त्या माशाचं त्यांना जास्त लागलं.

मग किसनभाऊ आणि दोन जण बाभळीच्या खोडापाशी गेले. पाणी छातीपर्यंत होतं. तिघांनी हात धरले, ओळीनं उभे राहिले आणि पायानं गाळ चाचपत चालायला लागले. अर्धा तासही लागला नाही. किसनभाऊंनी एका जागी थांबून पाय दोनदा आपटला आणि वर काठाकडे पाहिलं. मोटर खोडापासून चार हातांवर होती.

ती बाहेर काढली, धुतली, वायर जोडली. पण तोवर चार वाजत आले होते, आणि त्या आठवड्यात वावरातली लाइन, म्हणजे वीज, सकाळी आठ ते चार होती. मामाजींनी बटण दाबलं तेव्हा मोटर घुं करून दोन मिनिटं चालली आणि लाइन गेली. वांग्याची झाडं तीन दिवस तहानलेली होती. पानं खाली लोंबत होती. मामाजी आणि मी बादल्या घेऊन उतरलो. मी दिवसभर काहीच उपयोगाचं केलं नव्हतं, म्हणून जास्त बादल्या वाहिल्या. चौथ्या ओळीपर्यंत हाताला फोड आला.

ओळीत समोरासमोर आलो, तेव्हा मी मामाजींना विचारलं, की तुम्हाला जागा माहीत होती का.

"वादय आलं तवा मी वावराच्या धुऱ्यावरच उभा होतो," ते म्हणाले. "मोटर डोयासमोर बुडाली. किसन शुक्रवारी सकायी येनारच होता काढाले."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगतलं ना सकायी, खोडापाशी हाये म्हून." त्यांनी बादली झाडाच्या बुडाशी अलगद ओतली. "तुमी इतक्या हौसेनं आलते. चारचौघात जवाईले नाई कसं म्हनावं? फिरू द्या म्हनलं थोडं."

म्हणजे शुक्रवारी निघणारी मोटर मी फोन करून रविवारपर्यंत थांबवली होती, आणि रविवारीही चार तास अडवून धरली होती. आणि हे माझ्याशिवाय साऱ्या गावाला माहीत होतं. बादली भरून आणली. अंधार पडायच्या आत सगळ्या ओळी झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी लाइन आल्यावर मोटर नीट चालली आणि झाडं सावरली, असं मामाजींनी फोनवर कळवलं. यंत्राबद्दल त्यांनी त्यानंतर कधीच विषय काढला नाही, इतका चांगला माणूस आहे.

महिनाभरानं एका रविवारी वंदनाला त्यांचा फोन आला. म्हैस दावं तोडून सकाळपासून कुठं गेली ते कळत नव्हतं. सगळं गाव शोधतंय, असं ते सांगत होते. वंदनानं काळजीनं चार गोष्टी विचारल्या. शेवटी मामाजींनी आवाज खाली आणला.

"जवाईबापूले सांगू नको, बाई. सांजपर्यंत सापडून जाईन ते."

फोन स्पीकरवर होता आणि मी समोरच बसलो होतो. मी काहीच कळलं नाही, असा चेहरा केला. तो मला फारसा करावा लागत नाही.